कारखान्यासाठी बुरशी सुधारताना: स्ट्रेन निवडायचा कसा, टिकवायचा कसा

किण्वक

सायट्रिक ॲसिड, पेनिसिलिन, कोलेस्टेरॉलसाठीचं लोव्हास्टॅटिन, चीजसाठी दूध गोठवणारं मायक्रोबियल रेनेट, जीन्सच्या पँट मऊ करणारं सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम), स्टार्चचं ग्लुकोज करणारं ग्लुकोअमायलेज. हे सगळं बुरशी बनवते. त्या वस्तूंबद्दल आणि त्या बनवणाऱ्या मोठ्या टाक्यांबद्दल बरंच लिहिलं जातं. ज्या स्ट्रेनवर (म्हणजे बुरशीच्या निवडून घेतलेल्या वाणावर) हा सगळा डोलारा उभा असतो, त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

मी पुण्याजवळच्या एका एन्झाइम कारखान्यात आर अँड डीमध्ये काम करते. स्ट्रेन सुधारणं हे माझं रोजचं काम. एक गोष्ट ठामपणे सांगते. बुरशीत बदल घडवणं हा या कामाचा लहान भाग आहे. बदललेल्या हजारोंमधून टाकीत तग धरणारी एक ओळखायची आणि ती वर्षानुवर्षं बिघडू द्यायची नाही, कस लागतो तो इथे. आणि आपल्याकडे नेमका याच दोन कामांसाठी हात आखडता घेतला जातो.

पेनिसिलिनचंच बघा. १९४३ मध्ये अमेरिकेत पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेत, बाजारातून आणलेल्या बुरसटलेल्या खरबुजावर पेनिसिलियमचा एक स्ट्रेन सापडला. नाव एनआरआरएल १९५१ (हा १९५१ म्हणजे साल नाही, संग्रहातला क्रमांक आहे). त्याचे जीन्स बदलावेत म्हणून एक्स-रे टाकून एक्स-१६१२ मिळाला. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात यूव्ही (अतिनील किरण) देऊन क्यू-१७६ मिळाला. फ्लेमिंगच्या बुरशीतून मिलिलिटरमागे एक-दोन युनिट पेनिसिलिन निघायचं, क्यू-१७६ हजार युनिटच्या आसपास पोचला. पेनिसिलिनचं एक युनिट म्हणजे ०.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे हे हजार युनिटही लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर. आजचे औद्योगिक स्ट्रेन लिटरला ५० ग्रॅमच्या पुढे देतात.

या साखळीतला मला सर्वांत आवडणारा टप्पा क्यू-१७६ नंतरचा आहे. क्यू-१७६ एक पिवळं रंगद्रव्य सोडायचा आणि ते शुद्धीकरणात पेनिसिलिनबरोबर शेवटपर्यंत यायचं. तेव्हा संशोधकांनी रंग न सोडणारा बीएल३-डी१० निवडला. त्याचं उत्पादन क्यू-१७६ पेक्षा कमी होतं. तरी पुढची पिढी त्याच्यापासून वाढवली गेली, कारण डाऊनस्ट्रीमची, म्हणजे पुढच्या शुद्धीकरणाची, कटकट संपली होती. फक्त ग्रॅम मोजणाऱ्या माणसाने हा स्ट्रेन फेकून दिला असता.

आणि हे सगळं कोणता जीन बदलला हे न कळता झालं. पुढे कळलं की विस्कॉन्सिन ५४-१२५५ या प्रसिद्ध वंशजात पेनिसिलिनच्या जीन्सची एकच प्रत आहे. त्याच्यात मोडला होता वेगळाच जीन, फेनिलॲसेटिक ॲसिड जाळून टाकणारा. पेनिसिलिन जी बनवायला हेच ॲसिड बाहेरून घालावं लागतं. बुरशीने ते खाऊन टाकणं थांबवलं आणि ते औषधाच्या कामी आलं. पेनिसिलिनच्या जीन्सच्या अनेक प्रती नंतरच्या स्ट्रेनमध्ये आल्या.

इथे कोणी फर्मेंटेशनमध्ये काम केलेलं असेल तर अनुभव जरूर लिहा.

पिंपरी_कॉलनी

नमस्कार. मी पिंपरीत नोकरी केली, आता निवृत्त आहे. हिंदुस्थान ॲंटिबायोटिक्स १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिली. देशात पेनिसिलिन बनायला लागलं याचा त्या काळच्या लोकांना किती अभिमान होता, हे आज सांगून कळणार नाही.

आधी एक खुलासा. पिंपरीत डॉ. एम. जे. थिरुमलाचार यांच्या गटाने हॅमायसिन शोधलं, ते बुरशीचं उत्पादन आहे असं अनेक जण धरून चालतात. ते स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना या जीवाचं आहे. नावातच पिंपरी आहे. स्ट्रेप्टोमायसेस तंतू काढतो, पण तो जिवाणू. हॅमायसिन उलट बुरशीला मारतं.

आता मूळ मुद्दा. प्रयोगशाळेतून नवा स्ट्रेन यायचा, फ्लास्कमध्ये उत्तम. टाकीत घातला की तिसऱ्या दिवशी रस्सा (टाकीतला द्रव) पिठल्यासारखा दाट. ॲजिटेटरच्या (ढवळणाऱ्या यंत्राच्या) मोटरचे ॲम्पियर चढायचे, हवा मोठ्या बुडबुड्यांनी सरळ वर निघून जायची आणि विरघळलेला ऑक्सिजन शून्याजवळ. नुसत्या पाण्यातसुद्धा ३० अंशांना लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. दाट रश्श्यात तो तंतूंपर्यंत पोचणार कसा? शेवटी आम्ही शिफ्टवाले स्ट्रेनला नाव द्यायचो ते त्याच्या दाटपणावरून.

तेव्हा ताई, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. फक्त त्यात एक भर घाला. निवड करणाऱ्यांच्या टेबलाशी प्लँटचा एक माणूस बसलाच पाहिजे.

अवनी_मायक्रो

मी एमएस्सीला आहे, मायक्रोबायोलॉजी. बाळबोध प्रश्न वाटेल, पण विचारते. क्रिस्पर (ठरावीक जीन नेमका बदलण्याचं तंत्र) असताना आजही यूव्ही का वापरतात? हव्या त्या जीनवर नेमकं काम करता येत असेल तर आंधळेपणाने हजारो म्युटंट (जीन बदललेले स्ट्रेन) काढायचे कशाला? आमच्या प्रॅक्टिकलमध्ये यूव्ही म्युटाजेनेसिस आहे आणि वर्गात सगळ्यांना ते जुनाट वाटतं.

तंतुजाल

अवनी, तुझ्या बाजूने थोडं मी बोलतो, कारण माझं काम जीन एडिटिंगचं आहे.

ट्रायकोडर्मा रीसेईचं उदाहरण घे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजत होते. त्या कुजण्याच्या अभ्यासातून बूगनव्हिलचा क्यूएम६ए हा स्ट्रेन मिळाला. आज उद्योगात असलेले बहुतेक सगळे सेल्युलेज देणारे ट्रायकोडर्मा त्या एकाचे वंशज. त्याला यूव्ही, मग नायट्रोसोग्वानिडिन (जीन्स बदलणारं रसायन), मग पुन्हा यूव्ही देऊन रुटगर्स विद्यापीठात रुट-सी३० तयार झाला. पुढे जीनोम वाचला तेव्हा दिसलं की सीआरई१ हा जीन तुटलाय. ग्लुकोज मिळालं की सेल्युलेज बंद करायचं, हा त्याचा हुकूम. तो तुटला म्हणून उत्पादन वाढलं. पण त्याशिवाय जीनोमचा सुमारे ८५ हजार बेसचा तुकडा गळून पडला होता, त्यात २९ जीन्स गेले. हे कोणी मागितलं नव्हतं. आंधळं म्युटेशन असं न मागितलेलंही देतं.

नेमक्या कामाची साधनं आज चांगली आहेत. तंतुमय बुरशीत पूर्वी मोठी अडचण ही होती की बाहेरून दिलेला डीएनए ती जीनोममध्ये वाटेल तिथे चिकटवायची. केयू७० जीन काढून टाकला की तो हव्या जागी बसण्याचं प्रमाण एकदम वाढतं. २०१५ पासून ॲस्परजिलस आणि ट्रायकोडर्मा दोन्हींत क्रिस्पर चालतं. प्रथिन बाहेर पडल्यावर बुरशीचे स्वतःचे प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइम) ते खाऊन टाकतात, तर त्या प्रोटिएजचे जीन्स काढता येतात. वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं कायमोसिन ॲस्परजिलसमधून काढलं, तेव्हा ते ग्लुकोअमायलेजला जोडून बाहेर पाठवलं. बुरशीला ग्लुकोअमायलेज बाहेर टाकायची सवय असतेच, तिच्याबरोबर पाहुणाही बाहेर आला.

किण्वक

तंतुजाल, हे सगळं मान्य, आणि रुट-सी३०चं उदाहरण चोख दिलंत. तरी अवनीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या बाजूने देते.

क्रिस्परला पत्ता लागतो. कोणता जीन बदलायचा हे आधी माहीत हवं. पेनिसिलिन वाढायला फेनिलॲसेटिक ॲसिड जाळणारा जीन मोडायला हवा, हे १९४० च्या दशकात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्युटंटने ते दाखवलं. आजही एखाद्या एन्झाइमचा स्राव का अडतो, हे अनेकदा एका जीनवर ठरत नाही. घडी घालणारी प्रथिनं, साखरेचे कण चिकटवणारी यंत्रणा, तंतूच्या टोकाची वाढ, फांद्या किती फुटतात, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं.

आणि निवड ही नुसती मोजदाद नसते, तिच्यात बुद्धी घालता येते. पुण्यातलंच उदाहरण आहे. एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) पेनिसिलियम जँथिनेलमच्या एनसीआयएम ११७१ या स्ट्रेनवर ईएमएस हे जीन्स बदलणारं रसायन आणि यूव्ही वापरून सेल्युलेज वाढवण्याचं काम झालं. निवड करताना सेल्युलोजच्या प्लेटमध्ये २-डीऑक्सिग्लुकोज घातलं होतं. बुरशीला ते ग्लुकोज वाटतं, पण त्यावर तिची वाढ होत नाही. ग्लुकोज दिसताच सेल्युलेज बंद करणारी बुरशी त्या प्लेटवर उपाशी मरते. बंद न करणारी सेल्युलोज पचवून वाढते. हजारो वसाहती एकेक करून मोजायची गरज राहत नाही, प्लेटच चाळणी करते. अवनी, तुमच्या वर्गाला हे सांग. यूव्ही दिवा जुना असेल, पण चाळणी कशी लावायची हा विचार कधी जुना होत नाही.

यूव्ही देताना काही गोष्टी सांभाळ. २५४ नॅनोमीटरला सगळे बीजाणू मारायचे नाहीत, शंभरातले एक ते दहा जगतील इतकाच डोस द्यायचा. आधी किल कर्व्ह काढ, म्हणजे किती डोसला किती बीजाणू मरतात त्याचा आलेख. त्यानंतरचं काम अंधारात किंवा लाल दिव्यात कर, नाहीतर उजेड मिळताच पेशी आपला डीएनए दुरुस्त करून टाकतात. बीजाणूत केंद्रकं किती हेही बघ. पेनिसिलियम आणि ट्रायकोडर्माच्या बीजाणूत साधारण एकच असतं, म्हणून म्युटंट स्वच्छ मिळतो. ॲस्परजिलस ओरायझीत अनेक असतात, एक बदललं तरी बाकीचे झाकून टाकतात. तिथे बीजाणूंच्या पुढच्या पिढ्या काढत शुद्ध करावं लागतं.

पिंपरीकाका, प्लँटचा माणूस टेबलाशी हवा, हे शंभर टक्के खरं. फ्लास्क आणि टाकी यांतल्या फरकाचं माझं नेहमीचं उदाहरण सायट्रिक ॲसिडचं. ॲस्परजिलस नायजरने साखरेचं सायट्रिक करावं यासाठी भरपूर साखर, आम्ल माध्यम, भरपूर हवा आणि मँगेनीजची टंचाई, या सगळ्या अटी एकत्र जुळाव्या लागतात. मँगेनीज जरा जास्त झालं की तंतूंच्या घट्ट गोळ्यांऐवजी लांब मोकळे तंतू फुटतात आणि ॲसिड घसरतं. जेम्स करीने १९१७ मध्ये ही पद्धत मांडली आणि फायझरने १९१९ च्या सुमारास उत्पादन सुरू केलं. मळी वापरायची तर आधी फेरोसायनाइडने तिच्यातले धातू काढावे लागतात. शुद्ध ग्लुकोजच्या फ्लास्कमध्ये पहिला आलेला स्ट्रेन मळीत शेवटचा येऊ शकतो. म्हणून निवडीच्या दुसऱ्या फेरीपासूनच खरा कच्चा माल वापरायचा.

दौंड_शिवार

आमच्याकडे ऊस आहे. तोडणीनंतर पाचट जाळू नका म्हणून सगळे सांगतात. त्याचं इथेनॉल करतात तेव्हा ही ट्रायकोडर्मा बुरशीच वापरतात का? आम्ही ट्रायकोडर्माची पावडर शेणखतात मिसळून टाकतो, ती हीच का?

तंतुजाल

दादा, कूळ एक, जात वेगळी. शेतात टाकता ती बहुधा ट्रायकोडर्मा व्हिरिडी किंवा हार्झियानम, रोगाच्या बुरशीशी झगडणारी. एन्झाइमवाली रीसेई.

इथेनॉलच्या कारखान्यात बुरशी थेट पाचटावर सोडत नाहीत. आधी वाफ, ॲसिड यांनी पाचट मोकळं करतात, मग बुरशीचं एन्झाइम घालून सेल्युलोजचं ग्लुकोज करतात, मग यीस्ट. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून रोज एक लाख लिटर इथेनॉलचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राजचं आहे. खर्चाचा मोठा वाटा एन्झाइमचा असतो. रीसेईची एक उणीव म्हणजे बीटा-ग्लुकोसिडेज कमी. त्यामुळे दोन ग्लुकोज जोडलेलं सेलोबायोज साचतं आणि तेच पुढचं काम अडवतं. मग ॲस्परजिलसचं बीटा-ग्लुकोसिडेज वरून घालतात, किंवा त्याचा जीन रीसेईतच बसवतात.

कोथरूड_गृहिणी

घरात चीज आणताना मी हिरवा ठिपका बघते. आता कळलं की रेनेट बुरशीचं असतं. पण म्हणजे जीन बदललेली बुरशी आपल्या पोटात जाते का? ॲस्परजिलस म्हटलं की मला शेंगदाण्यातलं अफलाटॉक्सिन आठवतं. मुलांच्या डब्यात चीज असतं, म्हणून विचारते.

किण्वक

तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. बुरशी गाळून वेगळी केली जाते, चीजमध्ये फक्त एन्झाइम जातं, तेही अगदी थोडं. मायक्रोबियल रेनेट बरंचसं ऱ्हायझोम्युकर मीहेई या बुरशीचं असतं, तिचं स्वतःचं एन्झाइम. त्याची अडचण अशी की ते उष्णतेला फार टिकायचं. पाश्चरायझेशननंतरही व्हेमध्ये (चीज काढल्यावर उरलेल्या पाण्यात) सक्रिय राहायचं आणि त्या व्हेपासून केलेला पुढचा पदार्थ बिघडायचा. म्हणून ते मुद्दाम ऑक्सिडाइझ करून कमजोर केलं गेलं. सुधारणा म्हणजे दर वेळी वाढवणंच असतं असं नाही.

अफलाटॉक्सिन ॲस्परजिलस फ्लेव्हसचं. त्याचा अगदी जवळचा भाऊ ओरायझी, ज्याच्यावर जपानमध्ये शतकानुशतकं कोजी होत आलंय, तो ते बनवत नाही, कारण त्याच्यातले ते जीन्स निकामी किंवा अर्धवट आहेत. नायजरच्या काही स्ट्रेनमध्ये मात्र फ्युमोनिसिन बी२ आणि ऑक्रॅटॉक्सिन बनू शकतं. म्हणून उत्पादनाच्या स्ट्रेनची विषासाठी तपासणी करतातच, आणि तंतुजालांचं तंत्र इथे फार मोलाचं आहे. विषाचे जीन्स मुळासकट काढता येतात. आपल्याकडे जनुकबदल केलेल्या जीवांवरचं काम १९८९ च्या नियमांखाली चालतं. संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि वर आरसीजीएम (जनुकबदलाच्या कामावर देखरेख करणारी केंद्राची समिती) यांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही.

रसायनी

धाग्याच्या सुरात थोडी असहमती नोंदवतो. निसर्गातली बुरशी जशीच्या तशी चालूच शकत नाही असं वाचताना वाटतं. क्वॉर्न (बुरशीपासून केलेलं मांसासारखं खाद्य) बघा. फ्युझेरियम व्हेनेनॅटम ए३/५ हा इंग्लंडमधल्या मार्लोजवळच्या मातीतला स्ट्रेन, १९६० च्या दशकात सापडलेला, १९८५ पासून खाण्यात आहे. त्याला सुधारलेलं नाही.

किण्वक

रसायनी, उदाहरण उत्तम आहे. पण त्यातूनच माझा दुसरा मुद्दा पुढे येतो, टिकवण्याचा. क्वॉर्नच्या सतत चालणाऱ्या उंच फर्मेंटरमध्ये (बुरशी वाढवायच्या टाकीत) सुमारे हजार तासांनी आखूड, फार फांद्या फुटलेले म्युटंट आपोआप वर येतात. पोत बिघडतो, बॅच थांबवावी लागते. कोणी यूव्ही दिला नाही, तरी टाकीने स्वतःची निवड केली. भरपूर औषध किंवा एन्झाइम बनवणारी बुरशी सावकाश वाढते, काहीच न बनवणारी भरभर. सारखं सबकल्चर (जुन्या वाढीतून नव्या माध्यमात पुन्हा वाढवणं) करत राहिलं की दुसरीच जिंकते.

पिंपरी_कॉलनी

यावर मी हात जोडून सांगतो. आमच्या पिढीने स्ट्रेन निर्जंतुक कोरड्या मातीच्या नळ्यांत ठेवले. स्लँटवरून (नळीत तिरक्या थिजवलेल्या माध्यमावरून) स्लँटवर नेत राहणं म्हणजे स्ट्रेन हळूहळू गमावणं. देशात पेनिसिलिन जीचे बहुतेक कारखाने स्वस्त आयातीपुढे बंद पडले आणि २०२० मध्ये केंद्राला पीएलआय (उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन) योजनेत पेनिसिलिन जी घालावं लागलं. टाकी पुन्हा बांधता येते, पैसे टाकले की दोन-तीन वर्षांत उभी राहते. स्ट्रेनची साखळी आणि ती ओळखणारी माणसं मध्येच तुटली तर ती कुठून आणायची? परदेशातून विकत घ्यायची म्हटलं तर विकणारा आपला उत्तम स्ट्रेन देतच नाही.

अवनी_मायक्रो

काका, ताई, दोघांचे आभार. मला माझ्या प्रोजेक्टसाठी ॲस्परजिलस नायजरचा स्ट्रेन घ्यायचा आहे. कॉलेजच्या फ्रिजमधला स्लँट किती जुना आहे कोणालाच माहीत नाही. कुठून घेऊ, आणि ठेवू कसा?

किण्वक

तो स्लँट वापरू नकोस. पुण्यात तुला दोन दारं आहेत, आणि दोन्ही देशातली नावाजलेली. एनसीएलमधला एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह, आणि आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह. क्रमांकासह स्ट्रेन माग, म्हणजे तुझा निष्कर्ष दुसऱ्या कोणालाही पडताळता येईल.

आला की पहिल्याच पिढीचे भरपूर बीजाणू काढ आणि २० टक्के ग्लिसरॉलमध्ये छोट्या व्हायल (झाकणाच्या कुप्या) करून उणे ८० ला ठेव. काही व्हायल वेगळ्या खोक्यात, त्यांना हातच लावायचा नाही. बाकीच्या रोजच्या. प्रत्येक प्रयोग नव्या व्हायलपासून सुरू कर, मागच्या प्लेटवरून कधीच नाही. प्रत्येक व्हायलवर तारीख आणि पिढी लिही. म्युटंट मिळाला की मूळ स्ट्रेन दर वेळी शेजारी चालव, नाहीतर वाढलेलं उत्पादन म्युटेशनमुळे की त्या दिवशीच्या माध्यमामुळे, हे कळणार नाही.

आणि एप्रिल-मेमध्ये शेकर रूमचा एसी बंद पडणार नाही याची खात्री करून घे. पुण्याच्या उन्हाळ्यात ३० अंशांचा शेकर ३६ ला जातो आणि वर्षभराची तुलना वाया जाते. आमच्या प्लँटमध्येही त्या महिन्यांत चिल्ड वॉटरचा खर्च सर्वांत जास्त असतो. म्हणून प्रोजेक्टचा विषय अजून ठरला नसेल तर सुचवते: दोन-तीन अंश जास्त तापमानातही तेवढंच उत्पादन देणारा म्युटंट शोध. चाळणी सोपी आहे, ३६-३७ अंशांना प्लेटा ठेवायच्या. असा स्ट्रेन मिळाला तर इथले कारखाने तुझ्याकडे चौकशी करत येतील. किल कर्व्हचे आकडे आले की इथेच टाक, आपण डोस ठरवू.